दोनशे बारा कलबूत

टाचेचा तिसरा खिळा बसला आणि चौथ्यासाठी तिनं हातोडा उचलला, तेवढ्यात बाकावरून टक् असा आवाज आला. खिळा घरंगळला असेल म्हणून तिनं डाव्या हातानं बाक चाचपलं. खिळे वाटीतच होते. पुन्हा टक्, मग थोडा वेळ काही नाही, मग लागोपाठ टक् टक् टक्, आणि कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक राखाडी चौकट उमटली. चौकटीतलं तिनं दोनदा वाचलं. डिस्क सापडत नाही. सापडत नाही म्हणजे काय? ती तर समोर बसली होती, हातोड्यापासून वीतभर अंतरावर, साबणाच्या वडीएवढी काळी पेटी, आणि तिचा हिरवा दिवा पापणी फडफडावी तसा फडफडत होता. तिनं हातोडा खाली ठेवला, तोही जपून, जणू आता जपून काही उपयोग होता. मागच्या खोलीतून अप्पांनी विचारलं, "का थांबलीस?" आणि तिला कळायच्या आत तिच्या तोंडून "खिळा वाकला" असं निघून गेलं. पन्नाशीला आलेली बाई, पण बापाशी खोटं बोलताना कानाच्या पाळ्या अजून तापतात हे तिला त्या क्षणी समजलं.

कारखाना म्हणायचं ते सवयीनं. खरं तर रस्त्याकडे तोंड केलेली एक लांबट खोली, तिच्यामागे दुसरी, आणि वर राहायचं घर. दुकानातला बूट ज्यांच्या पायात जात नाही त्यांचे बूट इथं होत. एक पाय आखूड असलेली, घोटा आत वळलेली, यंत्रात बोटं गेलेली, साखरेच्या आजारानं तळवे बधिर झालेली अशी माणसं दारात उभी राहत, आणि प्रत्येकासाठी एक कलबूत होई, म्हणजे ज्याच्यावर चामडं ताणून बूट शिवतात तो पायाच्या आकाराचा लाकडी ठोकळा. एक्केचाळीस वर्षांत अप्पांनी असे दोनशे बारा कलबूत केले. करून सोडून दिले असते तर गोष्ट वेगळी. पण गिऱ्हाईक दोन वर्षांनी बूट झिजवून परत आलं की अप्पा त्याची चाल बघत, अंगठ्यानं पाय दाबत, कलबूत खाली काढत आणि इथं कानस फिरव, तिथं चामड्याची चकती चिकटव असं तासभर करत बसत. त्यामुळे कलबूत हा पायाचा ठसा नव्हता, पायाशी वर्षानुवर्षं चाललेली हुज्जत होती. लहानपणी शाळेतून आल्यावर ती मागच्या खोलीत जाऊन या भिंतभर लटकलेल्या पायांकडे बघत बसे. बिनमाणसांचे पाय. तिला त्यांची भीती कधी वाटली नाही. उलट माणसांचीच वाटे, कारण माणसं वरून बघून बोलत.

मग दोन वर्षांपूर्वी अप्पांच्या गुडघ्यांनी काखा वर केल्या. जिना चढणं बंद झालं आणि खाली झोपायला जागा हवी झाली. मागच्या खोलीखेरीज जागा नव्हती, आणि मागच्या खोलीत दोनशे बारा कलबूत होते. तोडगा तिचा. आकार टिपणारं यंत्र तिनं अकरा दिवसांसाठी भाड्यानं आणलं, एकेक कलबूत त्याच्या फिरत्या ताटलीवर ठेवून चारी अंगांनी टिपला आणि या काळ्या पेटीत भरला. लागेल तेव्हा फाइल पाठवायची, गावाबाहेरच्या एका कारखान्यातून प्लॅस्टिकचा कलबूत कापून येतो. लाकूड ठेवायचं कशाला? जवळच्या बेकरीनं भट्टीसाठी सगळं नेलं. हातगाडीच्या चार फेऱ्या झाल्या. अप्पा दाराशी खुर्चीवर बसून होते. चारही फेऱ्या त्यांनी पाहिल्या आणि एक शब्द बोलले नाहीत, आणि त्या न बोललेल्या शब्दाचं ओझं ती तेव्हापासून पाठीवर घेऊन फिरत होती. तिनं मनातल्या मनात त्यांना शंभरदा समजावलं होतं की लाकूड गेलं तरी आकार राहिला. आता आकारही गेला होता, आणि अप्पा त्याच रिकाम्या भिंतींच्या आत, खुंट्यांच्या भोकांकडे बघत पडले होते.

कारखान्यात अप्पांचा एकच कडक नियम: हातातली वस्तू बाकाखेरीज कुठं ठेवायची नाही. बाक म्हणजे एका खोडातून काढलेला जाड ओंडका, भुईत पुरलेला, कितीही ठोका तरी तसूभर न हलणारा. टेबल डुगडुगतं, फळीवरून वस्तू पडते, खिशात विसरते. बाकावरची वस्तू हरवत नाही. हे तिच्या अंगात इतकं मुरलं होतं की डिस्क आणली तेव्हा ती कुठं ठेवायची असा प्रश्नच पडला नाही. आणखी एक प्रत दुसरीकडे असावी असं मनात आलं नव्हतं असंही नाही. आलं होतं, आणि बाकावरच तर आहे म्हणून गेलं होतं. ज्या बाकावर दिवसाला चारशे ठोके पडतात त्याच बाकावर, दोन वर्षं, रोज. दुसऱ्या कुठल्याही धंद्यातल्या बाईनं ती टेबलावर ठेवली असती आणि डिस्क आज जिवंत असती. बाक हलत नाही म्हणजे ठोका कुठं जातो, हे तिला कळायला हवं होतं. तिनं बाकावर तळहात ठेवला आणि दुसऱ्या हातानं हळूच एक टिचकी मारली. टिचकी सरळ मनगटापर्यंत आली. एवढं सोपं होतं ते.

हातपाय गाळून बसणं मात्र तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं अप्पांना "चामडं बघून येते" म्हणून सांगितलं, डिस्क रुमालात गुंडाळली आणि चालू लागली. रस्त्यानं ती नेहमीच माणसं खालून वर बघे. आधी टाच, मग घोटा, आणि तोवर माणूस निघून गेलेला असे. आज प्रत्येक टाचेत तिला स्वतःचा गुन्हा दिसत होता. हा बाहेरच्या बाजूनं झिजवतोय. ही उजवीकडे भार टाकतेय. यांच्यातला एखादा तिच्या दोनशे बारांतला असता तर तिला तोंड लपवावं लागलं असतं. दुरुस्तीवाल्याचं दुकान एका इमारतीच्या जिन्याखाली होतं, इतकं अरुंद की गिऱ्हाईक आत आलं की मालकाला उभं राहावं लागे. त्यानं डिस्क वायरीला जोडली, कानाशी धरली, दोन टक् ऐकले आणि साप चावल्यासारखी वायर उपटली.

"घरी किती वेळा चालू केलीत?"

तीनदा, ती म्हणाली. खरं तर पाच.

"आता लावायची नाही. कुणी काहीही सांगू दे."

मग त्यानं कागदावर चित्र काढून तिला समजावलं. आत आरशासारख्या चकत्या गरगर फिरतात आणि त्यांच्यावर केसाच्याही अंशाएवढं अंतर ठेवून सुया तरंगतात. धक्का बसला की सुई चकतीला घासते. घासली की तिथलं गेलंच, आणि तुम्ही पुन्हा चालू केलीत की ती आणखी घासते. ते चित्र तिला ओळखीचं वाटलं. चामड्याखाली राहून गेलेला खिळा रोज थोडाथोडा टाचेत जावा तसंच हे. किती खर्च, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, ते तुम्ही कुठला रस्ता धरता त्यावर आहे. मोठ्या शहरात प्रयोगशाळा आहे, तिथं धूळ नसलेल्या खोलीत उघडतात, बरंचसं मिळेल. इंटरनेटवर फुकटचे प्रोग्राम मिळतात, ते चुकून पुसलेल्या फायलींना ठीक, जखमी डिस्कला लावाल तर तिचा जीव घ्याल. अन् त्यापेक्षा, एवढं बोलून तो थांबला, तुम्ही आधी प्रयोगशाळेला फोन करून बघा.

तिनं दुकानाबाहेरच उभं राहून फोन केला. पलीकडची मुलगी मधाळ आवाजात बोलत होती. डेटा तुमच्यासाठी किती महत्त्वाचा आहे, एक ते पाच मध्ये सांगाल का, असं तिनं विचारलं. पाच म्हटलं तर भाव वाढेल आणि दोन म्हटलं तर मनापासून शोधणार नाहीत, असं हिला वाटलं, म्हणून ती तीन म्हणाली आणि लगेच मनात ओशाळली, आपलीच आई आजारी असताना "बरी आहे" म्हणावं तशी. मग मुलीनं आकडा सांगितला. कारखान्याला वर्षभर लागतं तेवढं चामडं त्या आकड्यात आलं असतं. नुसतं तपासायचेच वेगळे, आणि काही मिळालं नाही तरी ते परत नाहीत. ती "बरं, कळवते" म्हणाली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. एक वर्ष चामडं न घेता कलबूत परत आणायचे, आणि मग त्या कलबुतांवर काय ताणायचं? हवा? हिशेब इतका उघडा होता की तिला रडूसुद्धा येईना. ती पुन्हा जिन्याखाली शिरली आणि म्हणाली, "तुम्ही मघाशी 'अन् त्यापेक्षा' म्हणालात. ते काय ते सांगा."

त्याचं घोडं सचोटीवर अडलं होतं. खात्री नसलेलं काम सांगायला त्याची जीभ रेटत नव्हती. डिस्कला चार सुया आहेत, बहुतेक एकच दुखावली आहे. तिच्याकडचं वाचायचंच नाही असं त्याच्या यंत्राला सांगता येतं. मग उरलेल्या तिघींकडून हळूहळू, विसावा देत देत, जे मागू ते काढायचं. पण एकदा सुरू केली की ती किती वेळ तग धरेल ते सांगता येत नाही. दोन तास, अर्धा तास, पाच मिनिटं. सगळं मागायला गेलात तर काहीच पुरं हाती येणार नाही. तेव्हा यादी करा. सगळ्यात जास्त हवं ते वर. पैसे तिला झेपतील एवढेच त्यानं सांगितले, एका जोडीच्या मजुरीएवढे. "गुरुवारी या," तो म्हणाला. "यादी पक्की करूनच या. इथं उभं राहून विचार करायला ती वेळ देणार नाही."

संध्याकाळी जेवताना तिनं नवऱ्याला सांगितलं. नवरा बस चालवायचा आणि गाडीत जेवढा जपून तेवढाच बोलण्यात सैल. हल्ली म्हणे सगळे ढगात ठेवतात, तो म्हणाला, ढगात असतं तर निदान खाली तरी पडलं असतं. मग तिचं तोंड पाहून त्यानं घास खाली ठेवला आणि निवृत्तीसाठी साठवलेल्या पैशांचा विषय काढला. तिनं नको म्हटलं. तो चांगला माणूस होता, आणि चांगल्या माणसाचे पैसे स्वतःच्या मूर्खपणावर उधळायला तिला नको होतं. आणखी एक कारण होतं, ते तिनं त्याला सांगितलं नाही. पैसे टाकून सगळं जसंच्या तसं परत आलं असतं तर अप्पांना काहीच सांगावं लागलं नसतं, आणि या शक्यतेची तिला फार ओढ वाटत होती. जिची इतकी ओढ वाटते ती गोष्ट धड नसणार, एवढं तिला स्वतःबद्दल कळत होतं.

सकाळी ती नोंदींची वही घेऊन बसली आणि पहिल्या पानावरच ठेच लागली. अप्पांनी आयुष्यात गिऱ्हाइकाचं नाव लिहिलं नव्हतं. नावं काय, दहा जणांची सारखी असतात, पाय सारखे नसतात, असं त्यांचं म्हणणं. मग ते वहीत लिहीत ते असं: काचकाम, दोन्ही. रडकी, उजवा. उंच जिना, डावा. नर्सबाई, डावा. घाई, उजवा. बेकरी नव्हे ती बेकरी, दोन्ही. आणि तिनंही फायलींना तीच नावं दिली होती, शब्दाला शब्द. त्यांतल्या सत्तर-ऐंशी जणांना ती ओळखत होती. उरलेले तिच्या लहानपणीचे, तिच्या लग्नानंतरच्या सहा वर्षांतले, ती कामावर नसतानाचे. "रडकी" आता कुठं असेल? जिवंत तरी आहे का? मेलेल्या माणसाचा कलबूत यादीत वर ठेवला आणि त्यापायी एखाद्या चालत्या माणसाचा बुडाला तर? स्वस्तातला रस्ता धरला खरा, पण तो सरळ मागच्या खोलीत जात होता.

आधी तिनं वेळ मारून न्यायचा प्रयत्न केला. चहा घेऊन आत गेली, पायथ्याशी बसली आणि जुन्या गप्पा निघाल्यासारखं करत म्हणाली, अप्पा, ती रडकी कोण हो, आणि घाई कोण? अप्पांनी सांगितलंही. रडकी कचेरीत टंकलेखन करायची, बूट घालून पहिल्यांदा सरळ उभी राहिली तेव्हा रडली होती. घाई हा विमा विकणारा, पाय मोजतानासुद्धा दुसरा पाय दाराबाहेर. सांगताना अप्पांचा चेहरा उजळला होता आणि तिला वाटलं, अशाच गप्पांत आजची दुपार घालवली तर सगळं निघेल, त्यांना ताकास तूर न लागता. मग तिनं त्यांच्या हातांकडे पाहिलं. ते हवेत पाय धरत होते. सांगताना प्रत्येकाचा पाय ते हातात घेत, अंगठा कुठंतरी टेकवत आणि सोडून देत. हे असं त्यांच्या नकळत काढून घेणं तिला एकदम चोरीसारखं वाटलं. बेकरीवाल्यांनी निदान समोरून नेलं होतं.

"अप्पा," ती म्हणाली, "डिस्क गेली."

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. काय गेली ते त्यांना कळायला एक क्षण लागला. मग कळलं. ते भिंतीवरच्या भोकांकडे बघतील अशी तिची खात्री होती, पण त्यांनी बघितलं नाही.

"सगळे?"

"थोडे निघतील. कुठले काढायचे ते ठरवायला हवं. मला सगळी माणसं ओळखू येत नाहीत."

"ठेवली कुठं होतीस?"

"बाकावर."

अप्पांनी दारातून बाकाकडे पाहिलं. मग त्यांच्या छातीतून एक खरखर आली, आणि तिला वाटलं त्यांना ठसका लागला, म्हणून ती पाणी आणायला उठली. ते हसत होते. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ते हसले आणि मग म्हणाले की त्यांनीसुद्धा ती तिथंच ठेवली असती. त्यांनी रागवावं म्हणून तिनं जी छाती तयार ठेवली होती तिचं काय करावं हे तिला कळेना. ती उभीच राहिली, पाण्याचा पेला घेऊन, आणि कालपासून प्रथमच तिचे खांदे खाली आले.

"वही आण," ते म्हणाले, "आणि पेन्सिल."

बुधवारची अख्खी दुपार ते दोघं त्या खाटेवर बसून होते. ती वाचे आणि अप्पा सांगत. वारला. वारला. ही मुलगी होती, पाय वाढला असेल, जुन्याचा काय उपयोग. हा चार घरं सोडून राहतो, बोलाव आणि नव्यानं माप घे, डिस्कला कशाला छळतेस. पेन्सिल इतक्या सहज चालत होती की तिला आधी धक्का बसला आणि मग हलकं वाटू लागलं. दोनशे बारा हा आकडा ती दोन वर्षं एखाद्या देवळासारखा मनात बांधून बसली होती, आणि अप्पा त्याच्या विटा काढून बाजूला ठेवत होते. मधेच एका नोंदीवर ते थबकले. "हे नको," म्हणाले. हा तर जिवंत आहे ना, तिनं विचारलं. जिवंत आहे, पण कलबूत चुकला होता, ते म्हणाले, अंगठ्याच्या सांध्यापाशी, आणि दर वेळी आणखी चुकवला. असं मग तीन-चार पानांवर झालं. हे नको. हेही नको. शेवटी त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"तुला वाटतं, लाकडं नेली तेव्हा मला वाईट वाटलं."

तिनं वहीचं पान बोटानं धरून ठेवलं.

"वाटलं. पण बरंही वाटलं. चुकलेले रोज समोर लटकत होते. बघून बघून कंटाळलो होतो. तुला कसं सांगणार?"

दोन वर्षं तिनं ज्या गप्पपणाला शोक समजून पाठीवर वाहिलं होतं त्यात निम्मी सुटका होती, हे पचायला तिला वेळ लागला. तिला रागही आला. सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? आणि तिनं तरी कधी विचारलं होतं? अप्पा पुढे बोलत होते. गिऱ्हाइकाला दुखतं कुठं असं त्यांनी कधी विचारलं नव्हतं. चालीवरून कळतं, अंगठ्याला कळतं, असा ताठा होता. आणि लोकही असे की इतक्या आस्थेनं केलंय म्हटल्यावर छान आहे म्हणून जायचे. नर्सबाईंच्या नोंदीवर त्यांनी पेन्सिल दोनदा आपटली. त्यांच्याकडे एकतीस वर्षं येणारी, दिवसभर वॉर्डात उभी राहणारी, एक पाय दोन बोटं आखूड असलेली बाई. तिचा कलबूत त्यांनी चार वेळा बदलला होता, आणि दर वेळी ती छान आहे म्हणे आणि जाताना उंबऱ्याशी थांबून श्वास घेई. "हिचं काढू नकोस. नव्यानं घे," ते म्हणाले. "अन् तिला विचार. मला जमलं नाही ते तू कर." हे त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं, आणि तिला त्यांची इतकी माया आली की तिनं नुसतीच मान हलवली. दिवेलागणीला यादी झाली. सत्तावीस नावं. दूर गेलेले, अंथरुणाला खिळलेले, आणि ज्यांच्या पायाशी अप्पांची हुज्जत खरोखर मिटली होती असे. पहिलं नाव उंच जिना.

गुरुवारी जिन्याखाली ती उभी होती आणि दुरुस्तीवाला बसला होता, कारण दोघं उभं राहण्याइतकी जागा नव्हती. डिस्क एका लोखंडी चौकटीत होती, खाली छोटा पंखा. त्यानं कळ दाबली. गुणगुण आली, एकसारखी, पातळ. उंच जिना, ती म्हणाली. पडद्यावर एक पट्टी सरपटू लागली. सहा मिनिटं. आला. त्यानं डिस्क थांबवली, गार होऊ दिली, पुन्हा चालू केली. काचकाम. आला. ती यादीवरून बोट खाली नेत होती आणि दर नावाला अप्पांचा हात हवेत एक पाय धरून सोडत असल्यासारखं तिला दिसत होतं. बाराव्यानंतर गुणगुणीत खर आली. दुरुस्तीवाल्यानं तिच्याकडे पाहिलं. पुढचं, ती म्हणाली. सोळा. सतरा. अठराव्याला तीन वेळा थांबावं लागलं. एकोणिसावा आला आणि विसाव्याच्या मध्यावर टक् झालं, एकदाच, आणि मग पंख्याखेरीज कसलाच आवाज उरला नाही. दुरुस्तीवाल्यानं वायर काढली. एकोणीस, तो म्हणाला, वाईट नाही. तिनं एकोणीसच्या दोन प्रती मागितल्या, दोन वेगळ्या पेट्यांत. एक नवऱ्याच्या बस डेपोतल्या कपाटात जाणार होती, दुसरी वरच्या घरात. पैसे घेताना त्यानं चार नोटा परत केल्या आणि तिनं त्या पुन्हा त्याच्यासमोर ठेवल्या. बाहेर ऊन होतं. दोनशे बारातून एकोणीस, आणि तरी तिचं पाऊल जड पडत नव्हतं. उरलेल्यांना बोलवायचं होतं, घरोघरी जायचं होतं, एकेक पाय पुन्हा मांडीवर घ्यायचा होता. वर्ष जाईल. जाऊ दे.

नर्सबाई शनिवारी आल्या. ड्यूटी संपवून, पिशवी काखेत, चेहऱ्यावर तेच रुग्णाला दाखवायचं हसू. नव्यानं माप घ्यायचं आहे म्हटल्यावर त्यांनी का, कशाला विचारलं नाही. सवयीनं बाकाशेजारच्या खुर्चीत बसल्या, डावा बूट काढला आणि डावा पाय पुढे केला. तिनं तो मांडीवर घेतला. आखूड, थंड, पाऊल आत वळलेलं. अंगठा आपोआप घोट्याखाली गेला. तिनं तो उचलला आणि दोन्ही हात पायाखाली नुसते धरून ठेवले.

"कुठं दुखतं?"

"छानच असतात हो अप्पांचे बूट."

"ते माहीत आहे. दुखतं कुठं?"

नर्सबाईंनी मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं, आणि आत खाट होती हे त्यांना ठाऊक होतं. त्या इतका वेळ गप्प राहिल्या की रस्त्यावरची एक गाडी येऊन, थांबून, निघूनही गेली. तिनं घाई केली नाही. पाय हातात गरम होत चालला होता. मग नर्सबाई वाकल्या, दुसऱ्या बुटाची नाडी सोडली, मोजाही काढला आणि उजवा पाय, धडधाकट, सरळ, ज्याचा कलबूत करायची कारखान्यात रीत नव्हती, ज्याला एकतीस वर्षं फळीवरचा तयार नंबर चालत आला होता, तो पाय त्यांनी तिच्या समोर धरला. चवड्याखाली नाण्याएवढा घट्टा होता, दगडासारखा, कडेनं लाल.

"सगळं वजन यावर पडतं ना," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही नेहमी डावाच मागता."

वहीत नव्हतं, लाकडात नव्हतं, डिस्कवर नव्हतं. जगातल्या कुठल्याही धूळ नसलेल्या खोलीतून ते निघालं नसतं. तिनं डावा पाय खाली ठेवला आणि उजवा मांडीवर घेतला. मागच्या खोलीतून खाट करकरली.

"काय म्हणाली?" अप्पांनी विचारलं.

"उजवा, अप्पा. उजवा दुखतो."

खाट पुन्हा करकरली.

"लिहून घे," अप्पा म्हणाले.

ती लिहीतच होती.